पडीक कोणाला म्हणावे?



कामगार-संघटनेच्या माणसाला आपण व्याख्यानमालेत बोलावले, तेव्हा तो बोनस, महागाई नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी आपली समजूत झाली असल्यास ती वाजवीच आहे. आम्ही मात्र चिटणीसांना विषय कळविला तो बेडकांचा. पत्र मिळाल्यावर त्यांनी दूरध्वनी करून, लिहिण्यात काही चूक तर नाही ना, असे मोठ्या सौजन्याने विचारून घेतले. चूक नव्हती. कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाचे चार महिने जे उथळ पाणी साचते, त्या पाण्यात जन्माला येणारे बेडूक, आणि सड्यांचा वापर पालटू लागल्यामुळे त्यांच्यावर आलेला प्रसंग, हाच आमचा विषय आहे.

आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच आटोपले. पुढचे वाचनालयांत आणि मोर्च्यांत झाले. तेव्हा प्राणिशास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही काही सांगणार नाही. भर पावसात रात्री विजेरी घेऊन ज्यांनी सड्यावरचे बेडूक मोजले त्यांचे म्हणणे, आणि त्याच सड्यावर ज्यांचे हात राबतात त्यांचे म्हणणे, अशी दोन म्हणणी आपल्यापुढे शेजारी शेजारी ठेवायची, एवढेच आम्ही योजिले आहे. या दोन प्रकारच्या माणसांची गाठ सहसा पडत नाही. एक येतो तो पावसात. दुसऱ्याचे काम पावसात बंद असते.

कोकणातल्या श्रोत्यांना सड्याची ओळख करून द्यावी लागू नये. पण हल्ली सडा पाहिला जातो तो मोटारीच्या काचेतून, आणि तोही बहुधा मे महिन्यात. तेव्हा तो दिसतो काळाठिक्कर, भाजून निघालेला. वाळल्या गवताचे पुंजके, एखादी करवंदीची जाळी, आणि गुरांनी वर्षानुवर्षे जाऊन येऊन पाडलेली वाट. हा आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने मलबाराकडे लोक हा दगड विटेसारखा कापून घरे बांधतात असे पाहिले, आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात, विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून, त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. म्हणजे दगडाला शास्त्रात नाव मिळाले तेच मुळी त्याच्या बांधकामातल्या उपयोगावरून. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मृगाचा पाऊस सुरू झाला, की हाच सडा ओळखू येईनासा होतो. कातळाला जागोजाग खळगे असतात. काही तळहाताएवढे, काही परातीएवढे, काही म्हैस बसेल एवढे. ते सगळे भरतात. पाणी बोटभर नाही तर वीतभर, क्वचित गुडघ्याएवढे. एका खळग्यातून दुसऱ्यात ते पातळ पदरासारखे सरकत राहते. शेवाळ धरते, कोवळे गवत येते, आणि श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे, दवबिंदू अशी इवली फुले कातळ झाकून टाकतात. यांतल्या काही वनस्पती किडे खाऊन जगतात, कारण त्या बोटभर मातीत त्यांना पुरेसे पोषण नसते. साताऱ्याचे कासचे पठार जांभ्याचेच. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाची स्थळे गेली त्यांत तेही आहे. कासला फुले पाहण्यासाठी गाड्यांची रांग लागते. आपल्या गावामागच्या सड्यावर तीच मंडळी ‘इथे काय आहे?’ म्हणून विचारतात!

दिवाळीच्या सुमारास ही डबकी आटू लागतात आणि पुढे सडा कोरडा पडतो. हे आटणे फार महत्त्वाचे आहे. जे पाणी दरसाल आटते त्यात मासे वस्ती करू शकत नाहीत, आणि बेडकाच्या पिल्लांचा मोठा वैरी म्हणजे मासा. म्हणून जी डबकी आपल्याला क्षुद्र वाटतात, तीच बेडकाच्या दृष्टीने पोरे वाढवायला सर्वांत सुरक्षित जागा. अर्थात या सुरक्षिततेची किंमत आहे. पाणी आहे तोवर, काही आठवड्यांच्या आत, अंड्याचा बेडूकमासा आणि बेडूकमाशाचा बेडूक व्हावा लागतो. मध्येच पावसाने ओढ दिली आणि खळगा सुकला तर त्या खळग्यातली पिढी गेली. पावसाने झोडपले तर ती कड्यावरून वाहून गेली. इतक्या अरुंद फटीतून ही जात दरसाल पार पडते.

बेडकाची आणखी एक अडचण आपण समजून घेतली पाहिजे. त्याची कातडी आपल्यासारखी बंद नाही. तो कातडीने पाणी पितो आणि कातडीनेही श्वास घेतो. पाण्यात जे मिसळले ते त्याच्या अंगात गेलेच. अंड्याला कवच नसते. शिवाय तो उभयचर. त्याला पाण्यातले एक घर लागते आणि जमिनीवरचे एक, आणि दोहोंमधली वाटही मोकळी लागते. तिन्हींपैकी एक मोडले तरी त्याचा संसार मोडतो. २०२३ साली जगातल्या आठ हजारांवर उभयचर जातींचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दर पाचांतल्या दोन जाती धोक्यात असल्याचे दिसून आले, आणि धोक्यातल्या शंभरांपैकी ९३ जातींच्या मागे राहण्याची जागा जाणे किंवा बिघडणे हे कारण निघाले. रोग आहेत, हवामानाचे पालटणे आहे, तीही मोठी कारणे आहेत. पण जागा जाणे हे कारण जवळजवळ सर्वांच्या मागे आहे. घर जाणे म्हणजे काय, हे कोकणात धरणाखाली गेलेल्या गावांना सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. घाटमाथ्यावरच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथल्या जांभ्याच्या कातळावर एक लहानसा भेक राहतो. अंगावर पिवळा रंग आणि वाघासारखे पट्टे. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात वाघ घातला, टायग्रिना. २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. पावसाच्या आरंभी हे प्राणी बाहेर येतात, आणि मादी कातळावरच्या उथळ खळग्यात अंडी घालते. खोल तळे, वाहता ओढा त्याला चालत नाही. कातळ आणि त्यावरचे उथळ पाणीच लागते. असा हा भेक आंबोलीच्या परिसरापुरताच ठाऊक आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या कुळात दुसरी एकच जात आहे. ती कोयनेच्या खोऱ्यात १९६३ साली सापडली आणि कोयनेचेच नाव तिला मिळाले. सगळ्या जगात या कुळाच्या अवघ्या दोन जाती, आणि दोन्ही महाराष्ट्रात. ज्या राज्यात गडकिल्ल्यांचा इतका अभिमान, त्याने या दोन वतनदारांची विचारपूस करू नये, हे आम्हाला विचित्र वाटते.

आणखी एक बेडूक आहे. तो जमिनीत पुरून घेऊन राहतो. २०१७ साली आंबोलीतूनच त्याची नोंद झाली आणि तो खाली कोकणच्या सड्यांवरही आहे. गोमंतकाच्या नावाचा एक आहे, त्याची नोंद २०१५ ची. हे सारे आपल्या बोटाच्या दोन पेरांत मावतील एवढे जीव. रात्री मात्र सगळा सडा त्यांच्या आवाजाने भरून जातो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक संपूर्ण सूक्त आहे, आणि पहिल्या पावसाने बोलू लागलेल्या बेडकांना तेथे वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. आम्ही ते भाषांतरात वाचले. ज्या काळी माणसाला बेडकांचा आवाज मंत्रासारखा वाटला, त्या काळापासून आपण ‘कूपमंडूक’ ही शिवी देण्यापर्यंत कसे आलो, हा एखाद्या पंडिताने घेण्याजोगा विषय आहे. गोव्यात पावसाळी भोजनात बेडकाच्या तंगड्या वाढीत आणि त्याला ‘जंपिंग चिकन’ म्हणत. भारतातून या तंगड्यांची निर्यातही मोठी होती, ती १९८७ साली बंद झाली. पण तो सारा व्यवहार भातखाचरातल्या मोठ्या बेडकाचा. सड्यावरच्या या बोटभर जीवाला कोणी मारायला जात नाही. त्याच्याकडे कोणी पाहतच नाही, हीच त्याची अडचण.

आणि ती अडचण कागदापासून सुरू होते. आमचा सारा जन्म कागद वाचण्यात गेला. हजेरीपत्रक, करार, निवाडे. म्हणून सातबाऱ्याकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र असते आणि त्याखाली ‘पोटखराबा’ असतो. सडा बहुतेक या खराब्यात जातो. ही भाषा जमीनमहसुलाची आहे. ज्या जमिनीतून सारा वसूल होत नाही ती खराब, असा तिचा सरळ हिशेब. इंग्रज गेले, पण हिशेब राहिला. १९८५ साली देशात पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, पुढे उपग्रहावरून पडीक जमिनींचे नकाशे निघाले, आणि त्यांत ‘उघडा कातळ’ असा एक स्वतंत्र वर्गच आहे. पडीक म्हटले की ‘विकास करा’ हे त्यापाठोपाठ आलेच.

बरे, पडीक नाही तर पाणथळ म्हणून तरी याला थारा मिळावा! तर तेथेही नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पाणथळ जागांची मोजदाद झाली, तीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागा दोन लाखांवर भरल्या. तळहाताएवढे डबके तीत कोठून येणार? आणि मे महिन्यात चित्र घेतले तर तेथे पाणी नसतेच. म्हणजे पाणथळवाले म्हणतात हा दगड आहे, आणि जमीनवाले म्हणतात येथे काही पिकत नाही. दोन कचेऱ्यांच्या मध्ये जसा आमचा कंत्राटी मजूर सापडतो, एक म्हणते हा आमचा नाही, दुसरी म्हणते आमचाही नाही, तसा हा बेडूक सापडला आहे.

देवगडाकडच्या एका वाडीत आम्ही बागेतल्या मजुरांच्या सभेसाठी गेलो होतो. सभा उरकल्यावर सड्याची गोष्ट निघाली, तेव्हा एक वृद्ध बाई फणकाऱ्याने म्हणाल्या, “सड्यार काय नाय असां कोण म्हणता? मगे माजी गुरां चरतत खंय?” या एका वाक्यात सातबाऱ्याचे सगळे उत्तर आहे. सड्यावर गुरे चरतात, गवत कापून आणले जाते, आणि सड्यात मुरलेले पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना लागते. पण यातल्या कशाचीही पावती फाडली जात नाही. या निर्जीव म्हटलेल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, वाघ, मासे कोरून ठेवले आहेत. ती कातळशिल्पे २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तोवर त्यांच्यावरून गुरे जात होती आणि ती जशीच्या तशी राहिली होती, हेही सांगितले पाहिजे.

आता वापर कसा पालटला ते पाहू. पूर्वी सड्यावर शेती नव्हती असे नाही. खालून डोक्यावरून माती वाहून नेऊन, बांध घालून, लोकांनी कातळावर भाताची खाचरे केली. फार कष्टाची शेती. ती करणारे हात मुंबईला गिरण्यांत गेले. आमचे वडीलही त्यांतलेच. खाचरे ओस पडली. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले कित्येक गावी परतले. पण तोवर बांध ढासळले होते.

मग आली आंबा-काजूची लाट. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीचा विचार पक्का झाला, वि. स. पागे यांनी त्यासाठी जिवाचे रान केले, १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा कष्टकऱ्यांचा मोठा विजय होता आणि आजही आम्ही तो तसाच मानतो. १९९० पासून याच योजनेला फळबागांची जोड मिळाली. लहान शेतकऱ्याला कलमांसाठी सरकारी पैसा मिळाला, मजुराला काम मिळाले, हापूसने कोकणात रोकड आणली. हे सारे खरे आहे, आणि ते नाकारून बेडकांची बाजू मांडता येणार नाही. पण आरंभी बागा झाल्या त्या डोंगरउतारावर, मातीच्या जमिनीत. तेथली जागा संपत आली, तशी नजर वर सड्याकडे गेली. पूर्वी पहारीने आणि सुरुंगाने एकेक खड्डा निघे. माणूस दमला की सडा वाचे. आता यंत्र दमत नाही. दिवसभरात कातळाचा मोठा पट्टा फोडला जातो, खड्ड्यांत बाहेरची माती भरली जाते, सुटे दगड गोळा करून भोवती गडगा उभा राहतो. ज्या दगडांखाली बेडूक दिवसा दडतो ते गडग्यात गेले, ज्या खळग्यात अंडी घालतो तो मातीने भरला. उरलेल्या पाण्याचा मार्ग बदलला. त्यात फवारण्या. मोहोर धरावा म्हणून कलमांच्या बुंध्याशी जे औषध घालतात, ते तर ऐन पावसाळ्यात घालतात.

याचा परिणाम काय होतो हे अंदाजाने सांगण्याचे आता कारण उरलेले नाही. विजयन जितिन, मनाली राणे, अपर्णा वाटवे आणि रोहित नानिवडेकर या अभ्यासकांनी कोकणच्या सड्यांवर न मोडलेला कातळ, भाताची खाचरे आणि फळबागा अशा तीन प्रकारच्या जागांची तुलना केली. त्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये पुढे आले. बेडकांचे वैविध्य सर्वांत अधिक निघाले ते न मोडलेल्या कातळावर, आणि सर्वांत कमी बागांत. पुरून राहणारा आणि गोमंतकाच्या नावाचा, हे जे दोन बेडूक मघाशी सांगितले, ते मोडलेल्या जागी कमी झाले. खाचरांत एका नेहमीच्या जातीची मात्र चांगली बरकत होती. ही शेवटची गोष्ट फसवी आहे. खाचरापाशी उभे राहून आपण म्हणू, बेडूक तर भरपूर ओरडताहेत! ओरडताहेत खरे, पण ते दुसरे. गिरणगावातल्या उंच इमारतींतही आज माणसे राहतात. म्हणून गिरणी कामगार तेथेच आहे असे कोणी म्हणेल काय?

गिरण्यांचा उल्लेख आम्ही उगाच केला नाही. गिरणी चालू होती तोवर तिची जमीन कामाची जमीन होती. बंद पडली आणि तीच जमीन ‘मोकळी’ झाली. १९९१ साली विकासाच्या नियमांत तिच्यासाठी कलम आले, २००१ साली ते पालटले, आणि त्यात कोणाच्या वाट्याला किती आले हे आपण पाहिले आहे. मोकळी, पडीक, ओसाड हे शब्द जमिनीचे वर्णन करीत नाहीत. तेथे जे आहेत त्यांची नावे पुसण्याचे काम करतात. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी माडबनची जमीन घेतली, तेव्हाही ती बहुतांशी नापीक असल्याचे सांगितले गेले, आणि गावकरी आपली कलमे, आपले भात, आपले चराऊ रान दाखवीत राहिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर मातीच्या तपासणीवरून जो संघर्ष झाला तो आपल्या स्मरणात आहे. त्या प्रकल्पांच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज करीत नाही. तिला दुसरी सभा लागेल. भांडणात दोन्हीकडून रोजगार, आंबा, मासळी यांची नावे घेतली गेली. बेडकाची कोणी घेतली नाही.

राहिली चिऱ्याची खाण. हा आमचा रोजचा विषय, म्हणून जरा थांबून सांगतो. आपण ज्या सभागृहात बसलो आहोत त्याच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, बाहेरचे कुंपण चिऱ्याचे आहे. खाण म्हणजे सड्याची साल काढणे. वरचा थर, ज्यावर खळगे, शेवाळ, गवत सारे असते, तो आधी उडवला जातो. मग फिरत्या पात्याने खालचा दगड कापतात. लाल धुळीने माणसाचे केस, भुवया, पापण्या एकाच रंगाच्या होतात. छातीत काय जाते ते विचारू नये. मजुरी नगावर. काम करणारे बरेचसे कर्नाटकातून बायकापोरांसह आलेले, खाणीच्या काठावर पत्र्याखाली राहणारे. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळचे लोक आणि खाणीत कर्नाटकचे. आमच्या कोकणच्या वैभवाचे हे खरे शिल्पकार, आणि गावच्या मतदारयादीत यांतले कोणी नाही!

मेअखेर पाऊस जवळ आला की खाण बंद होते. खड्ड्यात पाणी भरते. चार महिने काम नाही, म्हणून मजुरी नाही. उचल घेऊन माणूस गावी जातो आणि कर्ज घेऊन परततो. नेमके तेच चार महिने बेडकाच्या हंगामाचे. आणि सोडून दिलेली खाण परत सडा होत नाही. तासलेल्या उभ्या भिंतींचा खोल हौद होतो. त्यात गुरे पडतात, पोरे पडतात. खोल पाणी साचले म्हणजे बेडकाची सोय झाली, असे एका खाणवाल्याने आम्हाला ऐकविले होते. उथळ पाणी मागणाऱ्याला खोल पाणी देणे, ही सोय आमच्या परिचयाची आहे. वेतनवाढ मागितली की आम्हाला उपाहारगृह मिळते.

आमच्या मंडळींतही या विषयावर वाद झाले. एका सभेत एक तरुण खाणकामगार उठून म्हणाला, “भाऊ, बेडूक वाचवायला खाण बंद केलीत तर माझी चूल कोण पेटवणार?” प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांना तो रास्त वाटत नाही त्यांनी निसर्गावर बोलू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. शहरात बसून ‘सडे वाचवा’ म्हणणाऱ्याच्या घरालाही चिराच लागलेला असतो. पण त्या तरुणाला आम्ही उलट विचारले, “बाबा रे, हा सडा संपल्यावर तुझी खाण कोठे जाईल?” तो म्हणाला, पुढच्या सड्यावर. “आणि तो संपल्यावर?” तेव्हा तो हसला. सडा उगवत नाही. जांभा व्हायला लाखो वर्षे लागतात. बेडूक आणि खाणकामगार यांच्यात भांडण लावून देणे सोपे आहे, कारण दोघांनाही बैठकीला बोलावलेले नसते.

मग करावयाचे काय? सगळे सडे कुलूपबंद करा, असे आम्ही म्हणत नाही. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती नेमावयाची आहे आणि गावातल्या जिवांची लोकनोंदवही ठेवावयाची आहे. बहुतेक ठिकाणी ही वही कपाटात असते, आणि कोणा भाडोत्री लेखकाने शेजारच्या गावावरून उतरवून काढलेली असते. ती खाली काढावी, आणि येत्या पावसात आपल्या सड्यावर कोठे खळगे आहेत, कोठे बेडूक बोलतात, हे तीत लिहावे. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमाचे ठिकाण २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले ते एका लहानशा माशामुळे. म्हणजे हे कलम नुसते छापलेले नाही, ते वापरता येते. बाग लावायचीच तर आधी ओस पडलेल्या खाचरांत लावावी, उताराच्या मातीत लावावी. कातळ फोडण्याला सरकारी पैसा देऊ नये. बागाईतदारांपैकी जे येथे बसले आहेत त्यांना हे कडू लागेल. पण कातळावरच्या कलमाला टँकरने पाणी घालण्याचा खर्च त्यांनाच ठाऊक आहे.

खाणीच्या बाबतीत आमच्या संघटनेने एक मागणीपत्रक तयार केले आहे. पाणी साचणारा कातळाचा पट्टा परवान्यातूनच वगळावा. कापून झालेल्या खाणीच्या भिंतींना उतार देऊन ती बुजवावी आणि ते काम त्याच कामगारांना मजुरीने द्यावे. आणि पावसाळ्याच्या बंदकाळात निम्मा पगार द्यावा. या तिसऱ्या मागणीचा बेडकांशी काय संबंध, असे आमच्या वकिलांनीही विचारले. संबंध असा, की चार महिन्यांची भूक नसेल तर आठ महिन्यांत सगळा सडा कापून काढण्याची घाई मजुराला राहणार नाही. सड्यावर कोठे पाणी धरते हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. पावसात त्याला येथे राहता आले, तर ग्रामपंचायतीच्या वहीत ज्या नोंदी व्हायच्या आहेत त्या करणारा माणूस आयताच मिळतो, आणि त्याची पोरे शाळेत राहतात.

मागणीपत्रकाच्या पहिल्या बैठकीला मालकपक्षाचे दोघे आले. पहिले कलम वाचल्यावर ते एकमेकांकडे पाहून हसले, तिसरे वाचल्यावर हसणे थांबले. पुढची बैठक मृगाच्या आधी ठेवली आहे, आणि या वेळी आम्ही ती कचेरीत न घेता सड्यावर घ्यावी असे सुचविले आहे. पाऊस लवकर आला तर छत्र्या न्याव्या लागतील. आपल्यापैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभेनंतर चिटणीसांकडे नाव द्यावे.